शांतीचा सांभाळ

आत्माराम नाटेकर बोटीवर होते, हे त्यांच्याशेजारी दोन मिनिटं उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ते स्वतःच सांगतात. भाजीवाल्याशी दोडक्यावरून बोलणं निघालं तरी तो दोडका बघता बघता सिंगापूरला पोचतो. मूळ गाव नाटे. घर आता रत्नागिरीत, नाचणे रस्त्याच्या आतल्या अंगाला, एकाला एक चिकटलेल्या बंगल्यांच्या वसाहतीत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण टोपीवर नांगर अजून आहे, आणि पावसात गच्चीला शेवाळ धरलं की ते तिला डेक म्हणतात आणि घासायला काढतात. म्हणजे घासतात दमयंतीकाकू. नाटेकर दारात उभे राहून कुठं राहिलं ते दाखवतात.

त्यांच्या सगळ्या कथांत मानाचं पान मेंढ्यांच्या बोटीचं. ऑस्ट्रेलियातून आखातात जिवंत मेंढ्या नेणारी मजल्यांवर मजले असलेली बोट. मेंढरं किती, तर अख्खा रत्नागिरी तालुका चार पायांवर उभा केला तर होईल तेवढी. भर समुद्रात वादळ आलं, मेंढ्या बिथरल्या, कॅप्टनने हात टेकले, आणि मग नाटेकर खाली उतरले. काही केलं नाही, नुसतं मेंढ्यांच्या डोळ्यांत बघितलं, आणि सगळा कळप गपगार खाली बसला. मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींनी ही कथा इतक्यांदा ऐकली होती की त्यांचे मित्र रावजी शिवलकर वादळ सुरू झालं की चहा सांगायला उठत आणि मेंढ्या बसायच्या वेळेला कप घेऊन परत येत.

यात खरं एवढंच होतं की बोट होती आणि मेंढ्या होत्या. नाटेकर तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला होते. मेंढ्यांच्या मजल्यावर ते एकदाच गेले आणि वासाने असे ओकले की दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर आणलं. लग्न नवीन असताना, लाडात येऊन, त्यांनी हे बायकोला सांगून टाकलं होतं, आणि पुढे जन्मभर त्याची चुटपुट बाळगली. काकूंनी मात्र ते कधी चारचौघांत काढलं नाही. कथा सुरू झाली की त्या उठून आत जात, आणि आतून भांड्यांचा आवाज जरा मोठा येई, इतकंच.

शेजारच्या बंगल्यात गौरव आणि समीक्षा हे जोडपं पुण्याहून येऊन राहिलं होतं. गौरवचं आजोळ इथलंच. दोघंही घरात बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करायची. गौरवचा दिवस तर आपली रात्र झाली की सुरू व्हायचा. समीक्षाने मासे-मटण सोडलं होतं, आणि त्याच्याही पुढे जाऊन दूध, दही, मध सोडलं होतं. रत्नागिरीत राहून मासे न खाणं हे काकूंना दुखणंच वाटे. कुंपणाशी भेट झाली की त्या हळू आवाजात विचारायच्या, "आता कसं वाटतंय?"

या घरात एक लॅब्रेडोर कुत्रा होता. नाव बटर. आणि एक कोंबडी होती. साधी, पांढरी, दुकानात मिळते ती ब्रॉयलर. शिमग्याच्या सुमारास समीक्षा बाजारातून येत असताना चिकनच्या दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून या कोंबडीने तिच्याकडे बघितलं म्हणे. समीक्षा तिथंच रडली आणि तिला सोडवून रिक्षाने घरी घेऊन आली.

"काकू, तिने अगदी माझ्या डोळ्यांत बघितलं," समीक्षा सांगत होती.

"मान दुसरीकडे फिरवायला जागा नसेल गो तिला," काकू म्हणाल्या.

कोंबडीचं नाव ठेवलं शांती. दमयंतीकाकूंच्या आईचंही हेच नाव. नाटेकरांचं सासूशी हयातभर पटलं नव्हतं, त्यामुळे शेजारून "शांती, नो, घाण कुणी केली?" अशी हाक आली की चहाचा घोट घेता घेता त्यांच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा यायचा.

आता ब्रॉयलर कोंबडी ही काही म्हातारी व्हायला जन्माला घातलेली नसते. दीड महिन्यात तिने कापण्याजोगं व्हायचं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. शांतीला मात्र सोललेलं मक्याचं कणीस, वाफवलेला भोपळा आणि सफरचंदाच्या फोडी मिळत होत्या, आणि ती वाढत होती. आषाढापर्यंत तिची उशी झाली. पाय त्या उशीखाली कुठंतरी होते, पण त्यांना काम उरलं नव्हतं. ती दिवसभर गादीवर बसून राही, आणि घर घाण होऊ नये म्हणून तिला गुलाबी फुलांचा लंगोट बांधलेला असे.

गौरव-समीक्षाच्या लग्नाचा वाढदिवस आला आणि त्यांनी बालीला जायचं ठरवलं. कुत्र्यांना ठेवून घेणारा एक जण शहरात होता. समीक्षाने त्याला फोन करून कोंबडीचं विचारलं, तर तो इतका हसला की तिने फोन ठेवून दिला. मग दोघंही संध्याकाळी नाटेकरांकडे आली. समीक्षाने नुसतं "काका, तुम्हाला प्राण्यांची सवय आहे ना" असं म्हणायची खोटी, नाटेकरांनी मेंढ्यांची बोट बंदराबाहेर काढली. काकू आत गेल्या.

"तेव्हा एक कुत्रा आणि एक कोंबडी म्हणजे काय," नाटेकर शेवटी म्हणाले. "बिनघोर जा."

जायच्या दिवशी सामान आलं ते बाळंतिणीच्या घरून आल्यासारखं. दोन गाद्या, टोपल्या, खाण्याचे डबे, लंगोटांची चळत. समीक्षाने कोंबडी नाटेकरांच्या हातात दिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, एकच सांगते. शांतीचं हृदय फार नाजूक आहे. तिला पळवायचं नाही, दमवायचं नाही. ती बसलेली असते ना, तिला बसू द्या. बटरचं काही नाही, तो नुसता खातो. बटर, शांती, आजोबांना बाय करा."

नाटेकरांचा मुलगा ऐरोलीला असतो. त्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, आणि त्या विषयावर सासू-सासऱ्यांनी तोंड उघडायचं नाही असं सूनबाईंनी बजावून ठेवलं आहे. तेव्हा नाटेकर आयुष्यात पहिल्यांदा आजोबा झाले ते हे असे, एका कोंबडीचे. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने पापणी खालून वर मिटली.

बटरचा प्रश्न पहिल्याच दुपारी सुटला. बटर शाकाहारी होता, म्हणजे त्याला तसं सांगण्यात आलं होतं. काकूंनी बांगडे तळायला घेतले तेव्हा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला आणि त्याने इतका मोठा उसासा टाकला की काकूंनी एक डोकं त्याच्यापुढे ठेवलं. पुढचे सगळे दिवस तो त्या उंबऱ्यावरून हलला नाही. काकूंना कुत्रा घरात चालत नाही. त्या दोनदा "उठ मेल्या" म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा त्याला ओलांडून जायला लागल्या.

शांतीचा लंगोट बदलणं हे काम नाटेकरांकडे आलं, कारण काकूंनी स्पष्ट सांगितलं होतं, "माझ्या आईच्या नावाची आहे, पण माझी आई नव्हे." पहिला लंगोट उलटा बसला. दुसरा बसला, पण एक पंखही त्यात गेला. घाम पुसता पुसता नाटेकरांनी त्या जनावराकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या मनात जे आलं ते आजवर अनेकांच्या मनात अनेकांविषयी आलेलं आहे: या मंडळींनी हिला बिघडवलं, आता आपण हिला वळण लावायचं.

"चालत नाही म्हणून जाड झालीय," ते काकूंना म्हणाले.

"जाड आहे म्हणून चालत नाही ती. आणि ती पोरगी काय सांगून गेली?"

"तिला काय कळतंय. बोटीवर आम्ही…"

"बोटीवर तुम्ही काय?" काकूंनी विचारलं. नुसतंच विचारलं, पण नाटेकर पुढचं वाक्य गिळून पडवीत गेले.

बाहेर पाऊस लागलेला, त्यामुळे कसरत पडवीतच सुरू झाली. शांतीला एका टोकाला ठेवायचं, मागे उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आणि "चल, चल, हालव" म्हणायचं. ती चार पावलं टाकायची आणि बसायची. नाटेकर तिला उचलून पुन्हा उभी करायचे. तिची चोच उघडी पडायची. "दम लागतोय म्हणजे गुण येतोय," असं ते बटरला सांगायचे. बटर तेवढ्यापुरता उंबऱ्यावरून मान वळवून बघायचा आणि परत तव्याकडे तोंड करायचा.

मांडवीवर त्यांनी हे सगळं सविस्तर सांगितलं. रावजी म्हणाले, "आत्माराम, रविवारी गटारी हाय. आणि तू कोंबडीला चालवून मटण कडक करतोस काय?" सगळे हसले. नाटेकर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कसरत वाढवली.

गटारीच्या रविवारी शांती पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. न थांबता गेली, लंगोटाची फुलं डोलवत गेली. पायरीशी पोचली, वळली, नाटेकरांकडे बघितलं आणि खाली बसली.

"शाबास," नाटेकर म्हणाले. "दमा, ये बघ, अख्खी पडवी चालली."

काकू हातातला झारा घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी वाकून बघितलं.

"अहो, ही गेली."

"दमलीय ती. बसू दे जरा."

"दमल्यावर मान अशी टाकत नाय कोण."

नाटेकर पायरीवर बसले. तिथून ते जे बोलले ते काकूंनी अजून विसरलेलं नाही.

"बटरने धरली म्हणून सांगू."

"लाज नाय वाटत? तो बिचारा माझ्या मागे खोबरं खात होता." काकूंनी शांतीचा लंगोट सोडला, बादलीत टाकला. "त्या मुक्यावर घालायचं असेल तर मीच फोन करून सांगते कुणी मारली ती."

मग नाटेकरांना दुसरी वाट सुचली. पांढरी कोंबडी ती पांढरी कोंबडी. ते छत्री आणि पिशवी घेऊन निघाले. मागे काकूंनी परसात शेवग्याच्या बुंध्याशी खड्डा काढून शांतीला पुरलं, वर एक चिरा ठेवला, आणि लंगोट धुऊन दोरीवर टाकला. पुन्हा लागणार होता.

गटारीच्या दिवशी चिकनच्या दुकानाला जी गर्दी असते ती देवळालाही नसते. नितेशच्या दुकानासमोर छत्र्यांची रांग थेट वळणापर्यंत गेली होती. नाटेकरांचा नंबर आला.

"किती काका? लेग पीस वेगळे करू?"

"अख्खी दे. जिवंत."

"जिवंत? बरं. ही घ्या."

"ही नको. ती मागची दाखव. नको, तिचं तोंड बारीक आहे." नाटेकरांनी मोबाइल काढला. त्यात शांतीचा फोटो होता, लंगोटासकट. त्यांनी फोटो पिंजऱ्याच्या जाळीशी धरला आणि एकेक कोंबडी ताडून बघायला लागले. रांग पुढे सरकेना.

"काका, स्थळ बघायला आलात काय?" नितेश म्हणाला. "पत्रिका पण आणायचीत."

मागे हशा पिकला, आणि त्या हशात रावजींचा आवाज होता. रावजी छत्रीखालून पुढे आले. "आत्माराम, घरी कापणार काय? वा. मग संध्याकाळी येतो मी. बाकीचं माझ्याकडे लागलं."

"ये," नाटेकर म्हणाले, कारण दुसरं काय म्हणायचं ते त्यांना सुचलं नाही.

नितेशने कंटाळून पिंजऱ्यात हात घातला आणि त्यातल्या त्यात मोठं जे हाताला लागलं ते बाहेर काढलं. "हा घ्या. याच्याहून भारी माल आज नाही." शांतीच्या मानाने ते अर्धंच होतं. पण पांढरं होतं, आणि त्याला दोन पाय, एक चोच होती. नाटेकरांनी ते पिशवीत घातलं, तुरा बाहेर ठेवला, आणि रस्त्यावरून जाताना पहिल्यांदाच ओळखीच्या माणसाला बघून रस्ता ओलांडला.

नव्या पाहुण्याला उशी होऊन बसायची सवय नव्हती. त्याने घरात पाय ठेवताच टीपॉयवर उडी मारली, तिथून खिडकीत, तिथून नाटेकरांच्या नांगराच्या टोपीवर. लंगोट बांधायला नवरा-बायको दोघं लागली, आणि नाटेकरांच्या अंगठ्याजवळ चोचीचा असा घाव बसला की त्याची खूण आजही आहे. बटर उंबऱ्यावरून उठून उभा राहिला आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा भुंकला.

तेवढ्यात समीक्षाचा व्हिडिओ कॉल आला. नाटेकरांनी मोबाइल हातभर लांब धरला.

"शांती, शांतू, बघ मम्मा."

शांतू खिडकीत उजेडाकडे तोंड करून बसली होती. तिने मम्माकडे पाठ केली. पडद्यावर फुलांचा लंगोट तेवढा दिसला.

"रागावलीय माझ्यावर," समीक्षा म्हणाली. मागून गौरव म्हणाला, "काका, आवाज वेगळा येतोय का तिचा?"

"पाऊस आहे रे. घसा बसतो," नाटेकर म्हणाले. "आणि इकडं रेंज पण नाय. ठेवतो."

संध्याकाळी रावजी आले. ओली छत्री पडवीत, हातात काळी पिशवी, तोंडावर जेवायला आलेल्या माणसाची प्रसन्नता. आत आले तर खुर्चीत गादीवर कोंबडी बसलेली, लंगोट लावून.

"ही काय?"

"ही ती नव्हे. ही शेजाऱ्यांची," नाटेकर म्हणाले.

"मग सकाळी घेतलेली कुठाय?"

नाटेकरांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी ताट मांडलं. ताटात कुळथाचं पिठलं, भात आणि सुकटीची चटणी. "सकाळची उडून गेली," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून रावजींनी पुढे काही विचारलं नाही. गटारीला पिठलं जेवलेला माणूस म्हणून रावजींची मांडवीवर आता वेगळी ओळख आहे.

गौरव आणि समीक्षा परत आली तेव्हा नाटेकरांनी सकाळपासून चारदा नव्या शांतीचा लंगोट नीट केला होता. समीक्षा धावत आली. तिने कोंबडी उचलून गालाशी धरली. तिच्या हातात विमानात दिलेलं बिस्किट होतं. कोंबडीने त्यावर चोच मारली.

"बघ गौरव. लगेच ओळखलं मला." मग तिने तिला लांब धरून बघितलं. "काका, किती फिट झालीय ही. केवढी बारीक. आणि चालतेय. तुम्ही काय केलंत?"

लाज ही गोष्ट त्यांच्या ठायी नव्हती असं नाही, पण तिला यायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात कौतुक पोचायचं.

"काही नाही. शिस्त," ते म्हणाले. "रोज पडवी चालवली."

काकू आत गेल्या. भांडी वाजली.

फक्त बटर फसला नाही. तो नव्या शांतीवर भुंकायचा आणि दिवसातून तीनदा कुंपण ओलांडून काकूंच्या खिडकीखाली येऊन बसायचा. "जेलस झालाय," समीक्षा म्हणायची. तिने मोबाइलवर नाटेकरांचा फोटो टाकला, शांतीला हातात घेतलेला, आणि खाली काकांचं एवढं कौतुक लिहिलं की आठवड्याभरात कुणाचं मांजर, कुणाचं कासव सांभाळायला देण्याविषयी फोन आले. मांडवीवर मेंढ्यांच्या कथेला आता एक पुढचा भाग जोडला गेला. त्यात एक मरायला टेकलेली कोंबडी होती आणि नाटेकरांनी तिला पायांवर उभं केलं होतं. चिऱ्याखालच्या पहिलीबद्दल त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण शेवग्याला त्या वर्षी शेंगा फार धरल्या, आणि त्या खाताना ते फारसं काही बोलत नसत.

नवरात्रात एका पहाटे शेजारून आवाज आला. पहिल्यांदा वाटलं कुणीतरी गंजलेलं फाटक उघडतंय. दुसऱ्या दिवशी फाटक जरा नीट उघडलं. घट उठायच्या सुमारास वसाहतीतल्या कुणालाच शंका राहिली नाही. शांती आरवत होती.

नाटेकर अंथरुणात उठून बसले. काकूही जाग्या होत्या.

"नितेश 'हा घ्या' म्हणाला होता काय?" काकूंनी विचारलं.

"म्हणाला असेल. गर्दी होती."

त्यांना वाटलं, संपलं. पण त्यांनी समीक्षाला ओळखलं नव्हतं. ती उजाडताच आली, ती चेहरा उजळलेला घेऊन. "काकू, शांती बदलतेय. तिचं आतलं खरं रूप बाहेर येतंय. म्हणजे मला किती धन्य वाटतंय सांगू, की तिला आमच्या घरात एवढं सुरक्षित वाटलं. आजपासून 'ती' म्हणायचं नाही हं. 'ते' म्हणायचं."

"सोपंय," काकू म्हणाल्या. "यांना पण मी 'ते'च म्हणते."

डॉक्टरांकडे न्यायला टोपली धरायला म्हणून नाटेकरांनाही गाडीत घेतलं. जनावरांच्या त्या डॉक्टरांनी पक्ष्याला उलटं केलं, सुलटं केलं आणि समीक्षाचं सगळं ऐकून घेतलं.

"कधी कधी म्हाताऱ्या कोंबड्या आरवतात, तसं होतं," ते म्हणाले. "पण हा तरणा कोंबडा आहे. पहिल्यापासूनच."

"पहिल्यापासून?"

"जन्मापासून."

नाटेकर टोपलीचं झाकण शोधायला लागले. समीक्षाने गौरवचा दंड धरला. "ऐकलंस? जन्मापासून. आपल्यालाच कळलं नाही." डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा नाटेकरांकडे बघितलं, आणि पुढच्या मांजराला बोलावलं.

शांतीच्या या बदलाचे मोबाइलवर बरेच व्हिडिओ झाले. पण जगाने कितीही कौतुक केलं तरी कोंबडा पहाटे आरवतो, आणि नेमका त्याच वेळी गौरव परदेशी काम संपवून अंथरुणाला पाठ टेकायचा. त्याने कानात बोळे घातले. मग खोली बदलली. दिवाळीत तो आरशासमोर दाढी करता करता झोपला आणि गाल कापून घेतला. त्यानंतर समीक्षाच्या बोलण्यात एकाएकी मोकळं आकाश, माती, निसर्ग असे शब्द यायला लागले. शांतीला बंगल्यात कोंडून ठेवणं हा अन्याय आहे, असं दोघांचं ठरलं. हेदवीच्या बाजूला कुणा दीपकचं पर्यटकांना राहायला द्यायचं घर होतं, मागे मोठी वाडी होती. तो ठेवून घ्यायला तयार झाला.

कोंबड्याला धरायला पुन्हा नाटेकर. जयगडला गाडी फेरीबोटीत चढली. गौरव आणि समीक्षा कठड्याशी फोटो काढायला गेली. नाटेकर मागच्या सीटवर एकटे, मांडीवर कोंबडा. इंजिनाच्या धडधडीने तो घाबरला होता. त्यांनी त्याच्या छातीखाली तळवा सरकवला तर तिथं आणखी एक धडधड हाताला लागली. डाव्या पायाचं एक बोट त्याचं जरा वाकडं होतं. लंगोट बांधता बांधता हे बोट त्यांच्या इतक्या वेळा हाताला लागलं होतं की अंधारातही त्यांनी ते ओळखलं असतं. ज्या दिवशी रत्नागिरीत शेकड्याने कोंबडे कापले गेले, त्या दिवशी हा एकटा पिशवीतून बाहेर आला होता, आणि तो नाटेकरांच्या पिशवीतून. आजवर केलेल्या बढायांत ही एकच गोष्ट खरी होती, आणि नेमकी हीच कुणाला सांगता येत नव्हती.

दीपकने कोंबडा घेतला. घेताना त्याने एका हातावर तो सहज वरखाली केला, बाजारात करतात तसा. "एकदम मस्त राहील," तो म्हणाला. समीक्षा रडत रडत व्हिडिओ काढत होती. आवाराच्या फाटकाला पाटी होती, नाटेकर आणि गौरव दोघांनीही ती येतानाच वाचली होती: घरगुती कोंबडी-वडे, आगाऊ सांगितल्यास. गौरवने बुटाची नाडी बांधायला घेतली. बुटाला नाडी नव्हती.

नाटेकर काही बोलतील असं त्यांना स्वतःलाच वाटलं होतं. तोंड उघडलंही. पण काय बोलणार? कोंबडा वाचवा म्हणावं तर तो कुणाचा आणि कुठून आला, तिथपर्यंत जावं लागलं असतं. ते गाडीत जाऊन बसले.

दीपक मधून मधून फोटो पाठवतो. समीक्षा कुंपणावरून मोबाइल पुढे करते. "बघा काका, किती खूश आहेत ते." फोटोत पांढरा कोंबडा असतो. पहिल्या फोटोत तुरा आडवा पडलेला होता, नंतरच्यात ताठ, परवाच्यात तर शेपटीला काळं पीस होतं. नाटेकर चष्मा वर करून पायाची बोटं बघतात. सगळी सरळ असतात.

"हो," ते म्हणतात. "खूश दिसतात."

मागच्या रविवारी काकूंनी त्यांना चिकन आणायला पाठवलं. ते नितेशच्या दुकानापर्यंत गेले, रांगेत उभे राहिले, आणि नंबर यायच्या आधी मिरकरवाड्याला जाऊन सौंदाळे घेऊन आले.

"चिकन काय झालं?" काकूंनी विचारलं.

"बरं नव्हतं."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग विळी ओढून मासे साफ करायला बसल्या. बटर कुंपण ओलांडून केव्हाच उंबऱ्यावर आला होता.